12 व्होल्टचा डिमर: दोन गणपती, दोन दिवाळ्या वापरून

आधी वस्तू कोणती ते सांगते. घरी केलेल्या एलईडीच्या माळा आणि पट्ट्या मंद-प्रखर करायचा 12 व्होल्टचा डिमर. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी पांढरी प्लॅस्टिकची डबी, वर एक गोल नॉब, एका बाजूला अ‍ॅडॉप्टरची पिन बसते ते भोक आणि दुसऱ्या बाजूला वायर कसायचे दोन स्क्रू. कंपनीचं नाव कुठेही नाही. डबीवर फक्त 12 व्होल्ट आणि 8 अँपिअर छापलंय. ऑगस्ट 2024 मध्ये, गणपतीच्या आधी, सांगलीत हरभट रोडच्या बाजूच्या बोळातल्या सुट्या भागांच्या दुकानातून 180 रुपयांना घेतला. चांगला निघाला म्हणून दिवाळीआधी आणखी दोन आणले. आता पहिल्या डबीवर दोन गणपती आणि दोन दिवाळ्या झाल्या, बाकी दोघींवर एक गणपती आणि दोन दिवाळ्या, तेव्हा खात्रीनं लिहिता येईल असं वाटलं.

मी सांगलीच्या गावभागात राहते. शिवणकाम करते, आणि दसरा झाला की कापडी आकाशकंदील शिवायला घेते. माळा घरी करायला लागले त्याला कारण 2019 चा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आमच्या खालच्या खोलीत कपाट बुडालं आणि त्यातलं सणाचं सगळं सामान गेलं. विकतच्या हिरव्या वायरच्या माळा चिखलातून काढल्या, वाळवल्या, लावल्या तर एकही पेटेना. त्या माळांचा तसाही मला राग होता. पन्नास-साठ दिवे एकामागे एक ओवून थेट 230 व्होल्टवर लावलेले असतात, मध्ये ट्रान्सफॉर्मर नाही की काही नाही. एका दिवाळीत परतीचा पाऊस पडून गेला होता, गॅलरीचा लोखंडी कठडा ओला होता, आणि अशीच एक माळ सरळ करताना मला खांद्यापर्यंत झटका बसला. शेजारची लहान मुलं त्याच कठड्याला धरून उभी राहतात. तेव्हाच ठरवलं की आपल्या दारात सणाला जे लागेल ते 12 व्होल्टचंच लागेल.

माळ करायला फार विद्या लागत नाही. पिवळसर पांढरे, 5 मिलिमीटरचे एलईडी घ्यायचे, ज्यांना दुकानात वॉर्म व्हाइट म्हणतात. एकाला साधारण 3.1 व्होल्ट लागतात. तीन एकामागे एक जोडले की 9.3 होतात. 12 मधले उरलेले 2.7 व्होल्ट रेझिस्टरवर, म्हणजे करंट आवरणाऱ्या छोट्या भागावर, सोडायचे. 150 ओहमचा रेझिस्टर घातला की लडीतून 18 मिलिअँपिअर जातात, म्हणजे 20 च्या मर्यादेच्या आत. अशा आठ लड्या शेजारी शेजारी जोडल्या की 24 दिव्यांचा एक कंदील होतो आणि तो जेमतेम पावणेदोन वॉट खातो. पिवळ्या एलईडीला दोन-सव्वादोन व्होल्ट पुरतात, म्हणून ते चार-चार जोडते आणि 180 ओहम घालते. प्रत्येक सांध्यावर स्लीव, म्हणजे उष्णतेनं आकसणारी नळी, चढवायची आणि मेणबत्तीवर धरून आवळायची. सोल्डरिंग, म्हणजे कथील वितळवून सांधे जोडणं, मला यांनी शिकवलं. हे पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे.

एवढं जमलं, पण उजेड कमी कसा करायचा ते काही केल्या जमेना. आणि तो कमी करणं आमच्या घरात फार गरजेचं होतं.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली आहेत. आमचा गणपती पाच दिवसांचा. त्या पाच दिवसांत त्या रोज संध्याकाळी मखरासमोर पाटावर बसून अथर्वशीर्षाची आवर्तनं करतात. मी मखराच्या कमानीला पाच मीटरची एलईडी पट्टी लावली होती, हौसेनं, सगळ्या बाजूंनी. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पदर डोळ्यांवर धरला. म्हणाल्या, "अगं, देव दिसंना गं मला. नुसता पांढरा झोत दिसतोय." मी पट्टी बंद केली तर मखर अगदीच काळोखात गेलं. मग म्हणाल्या, "समईएवढं ठेव की. समईत देव कसा छान दिसतो बघ."

समईएवढं. हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढची सगळी खटपट त्या एका शब्दासाठी आहे, आणि या डबीची पारखही मी त्याच मापानं करणार आहे.

आधी काय काय करून फसले ते सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. ओळखीच्या वायरमननं सुचवलं की बोर्डात पंख्याचा रेग्युलेटर बसवून देतो, त्यावर सगळं कमी-जास्त होईल. घरातल्या उरलेल्या एका जुन्या 230 व्होल्टच्या माळेवर करून बघितलं. नॉब अर्ध्यावर आला की माळ थरथरायची, अजून खाली आणला की एकदम विझायची. मधलं काही नाहीच. आणि 12 व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरच्या आधी तो रेग्युलेटर लावणं म्हणजे तर उगाच त्रास. आजकालचे अ‍ॅडॉप्टर 100 पासून 240 व्होल्टपर्यंत काहीही आत आलं तरी बाहेर 12 च देतात, त्यासाठीच ते केलेले असतात. तुम्ही मागे कितीही कमी करा, ते पुढे भरून काढतात, आणि अगदीच जमेनासं झालं की लुकलुकायला लागतात. लाकडी पेटीत दडवलेल्या अ‍ॅडॉप्टरवर असले प्रयोग करू नका.

मग 3 पासून 12 पर्यंत व्होल्ट बदलता येतात असा अ‍ॅडॉप्टर आणला. मला वाटलं, बल्बसारखंच असेल, व्होल्ट कमी केले की उजेड कमी. पण एलईडीची चाल वेगळी आहे. तो ठरावीक व्होल्टच्या खाली पेटतच नाही, आणि पेटायला लागला की पुढच्या थोड्याशा व्होल्टमध्ये एकदम भडकतो. माझी पट्टी 12 ला पूर्ण, 10 ला बरीच मंद आणि 8 च्या आसपास जवळपास विझलेली. त्यातही सगळे तुकडे एकदम विझत नाहीत. प्रत्येक एलईडी थोडा वेगळा निघतो, त्यामुळे एक तुकडा आधी जातो, दुसरा मिणमिणत राहतो. पांढऱ्या आणि पिवळ्या लड्या एकत्र असल्या तर आणखी घोळ. पांढऱ्या विझून जातात तरी पिवळ्या जळत राहतात, आणि मखर अर्धं आजारी दिसतं.

मग हरभट रोडच्या त्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एक काउंटर आणि मागे भिंतभर छोटे छोटे खण. संध्याकाळी तिथे इंजिनिअरिंगची आणि आयटीआयची मुलं चिठ्ठ्या घेऊन उभी असतात, पण मालक मला कधी ताटकळत ठेवत नाहीत. मी सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "वहिनी, पट्टी किती मीटर?" पाच मीटर म्हटलं, तर म्हणाले, "म्हणजे दोन अँपिअर धरा. हा न्या." आणि देण्याआधी त्यांच्या टेबलावरच्या अ‍ॅडॉप्टरला पट्टीचा तुकडा लावून नॉब फिरवून दाखवला. डबी हातात द्यायच्या आधी चालवून दाखवणारं दुकान मला फार आवडतं. ऑनलाइन 120 ला मिळते ती वस्तू इथे 180 ला घेताना मला एक पैसाही जड वाटला नाही.

घरी येऊन लावला, आणि पहिल्या मिनिटात कळलं की हे काम वेगळ्या जातीचं आहे. पांढरी, पिवळी, पट्टी, लड्या, सगळं एकत्र, एका चालीनं खाली येतं. कुठला तुकडा मागे राहत नाही, कुठला पुढे पळत नाही. कारण हा डिमर व्होल्टला हात लावत नाही. एलईडीला जेव्हा देतो तेव्हा पूर्ण 12 देतो, पण सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो. चालू जास्त वेळ, बंद कमी वेळ, तर उजेड जास्त. उलट केलं तर मंद. डोळ्याला ती उघडझाप दिसत नाही, सरासरी तेवढी दिसते.

डबी उघडून आतही बघितलं, राहवलं नाही. आत 555 नंबरची आठ पायांची आयसी, म्हणजे चिप, आहे. यांनी ती बघितल्याबरोबर ओळखली, 1972 पासून बाजारात असलेली आयसी आहे ती, यांच्या जुन्या डब्यातही चार-पाच पडल्या आहेत. शेजारी वीज एकाच दिशेनं सोडणारे दोन बारीक काचेचे डायोड, वीज साठवणारा एक कपॅसिटर, नॉबखाली 100 किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर, आणि प्रत्यक्ष चालू-बंद करायला एक मॉस्फेट. बस, एवढंच. कपॅसिटर एका डायोडमधून भरतो आणि दुसऱ्यातून रिकामा होतो, आणि नॉब फिरवला की भरायचा वेळ आणि रिकामा व्हायचा वेळ यांची वाटणी बदलते. एकाचं वाढलं तेवढं दुसऱ्याचं कमी. यांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा मला ते इतकं सुंदर वाटलं की तो कागद मी शिवणाच्या डब्यात जपून ठेवलाय.

आता तक्रारी.

पहिली नॉबची. फुलपासून अर्ध्यापर्यंत फिरवा, काही फरक पडलाय असं वाटतच नाही. खरी मजा शेवटच्या चतुर्थांशात, आणि समईचा उजेड तर शेवटच्या केसभर जागेत. सुरुवातीला मला डबी खराब वाटली. मल्टिमीटर लावून बघितलं तर डबी बरोबर होती. फुलला 1.9 अँपिअर, मधोमध साधारण निम्मं. फसतो तो आपला डोळा. डोळ्याला अर्धा वाटावा असा उजेड करायचा तर वीज साधारण पावपटीपर्यंत खाली आणावी लागते, कारण अंधारातला थोडा फरक डोळ्याला मोठा वाटतो आणि लखलखाटातला मोठा फरक कळतच नाही. महागड्या कंट्रोलरमध्ये याची सोय केलेली असते, या 180 च्या डबीत नाही. मी त्यावर उपाय केला तो नेलपॉलिशचा. नॉबच्या कडेला एक पांढरा ठिपका आणि डबीवर तीन ठिपके. गुलाबी म्हणजे आरतीचा, सगळे जमतात तेव्हा. केशरी म्हणजे संध्याकाळी लोक दर्शनाला येतात तेव्हाचा. आणि लाल म्हणजे समईचा. लाल ठिपका मी समई लावून, खोलीतले बाकी दिवे बंद करून, सासूबाईंना पाटावर बसवून, त्यांच्या "अजून, अजून, हां बास" वर टेकवला. तिथे मीटर 0.11 अँपिअर दाखवतो. पाच मीटरची पट्टी सव्वा वॉटवर. आणि केशरी ते लाल यांच्यात तीळभर अंतर आहे, हे लक्षात ठेवा.

दुसरी तक्रार, नॉब पूर्ण उलटा फिरवला तरी पट्टी शंभर टक्के विझत नाही. अंधारात बघितलं तर तिच्यात धुगधुगी राहते. 555 च्या या रचनेत ते तसंच होतं. बंद करायचं तर अ‍ॅडॉप्टरचं बटण बंद करा.

तिसरी मोठी होती. पहिल्या वर्षी भाच्यानं आरतीचा व्हिडिओ काढला आणि त्यात मखरावरून काळे आडवे पट्टे वर-खाली सरकत होते. डोळ्याला काही नाही, मोबाइलला दिसतं. आणि अगदी मंद ठेवल्यावर पटकन मान वळवली तर मलाही पट्टीच्या जागी ठिपक्यांची रांग दिसायची. म्हणजे उघडझाप पुरेशी जलद नव्हती. डबीतल्या कपॅसिटरवर 104 लिहिलेलं, म्हणजे 0.1 मायक्रोफॅरड. 100 किलोओहमबरोबर हिशेब केला तर सेकंदाला 144 वेळा येतात. दुकानदारांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "कपॅसिटर बदला, 103 टाका. दहापट होईल." दोन रुपयांचा कपॅसिटर. रात्री जेवणं झाल्यावर यांनी भिंग धरलं आणि मी जुना काढून नवा बसवला. पाय फार जवळ जवळ आहेत, तेव्हा बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न घ्या. आता उघडझाप सेकंदाला चौदाशेच्या वर आहे. पुढच्या वर्षीच्या व्हिडिओत एक पट्टा नाही, आणि मान वळवली तरी ठिपके नाहीत. हे काम कारखान्यातच व्हायला हवं होतं. दोन रुपयांचा तोच भाग, फक्त वेगळ्या आकड्याचा.

एक चूक माझ्याकडून झाली ती लिहून ठेवते, कारण घरी माळा करणाऱ्या प्रत्येकाकडून होईल. मखरात मूर्तीवर एक छोटा फोकस आहे, तो मंद करायचा नव्हता. म्हणून अ‍ॅडॉप्टरची एक जोडी फोकसला आणि एक डिमरला दिली. वायर वाचावी म्हणून फोकसची आणि पट्टीची काळी वायर एकत्र पिळून टाकली. आपल्याकडे काळी म्हणजे काळी, सगळ्या एकच, असं डोक्यात. नॉब फिरवते तर पट्टी ढिम्म. पूर्ण भडक. तीनदा सगळं सोडवलं आणि तीनदा तसंच बांधलं. शेवटी दुकानात फोन केला. पलीकडून एकच वाक्य आलं, "वहिनी, हा डिमर प्लस सरळ सोडतो, मायनस तोडतो." सगळं लख्ख कळलं. चालू-बंद होतं ते काळ्या वायरवर, आणि मी पट्टीची काळी वायर डिमरला वळसा घालून थेट अ‍ॅडॉप्टरच्या काळीला जोडली होती. मग डिमर काय करणार बिचारा. तेव्हा लाल वायरी एकत्र केल्या तर चालतील, पण डिमरमधून निघालेली काळी वेगळीच ठेवा. मी तिला आता निळी स्लीव घालते.

8 अँपिअर छापलंय त्यावर जाऊ नका. चार अँपिअरला डबी एवढी तापते की बोट ठेवून दहा मोजता येत नाहीत. मी तीनच्या वर नेत नाही आणि लाल वायरमध्ये 3 अँपिअरचा काचेचा फ्यूज घालते, कारण डबीत फ्यूज नाही. तिनातली एक डबी गेलीही, 2025 च्या दिवाळीत, पाडव्याच्या संध्याकाळी. मी घाईत तिच्यावर दोन पट्ट्या आणि चार कंदील एकत्र दिले होते, त्यात माझी चूक आहेच. पण गेली कशी ते महत्त्वाचं आहे. ती विझली नाही, पूर्ण उजेडावर अडकली. मॉस्फेट जळला की बहुधा आतून जुळून जातो आणि चालूच राहतो. तेव्हा डिमर मंद ठेवलाय म्हणून खालची माळ दुबळी केली तरी चालेल असं समजू नका. रेझिस्टर पूर्ण 12 व्होल्ट धरूनच घाला, लडी पूर्ण उजेडावर रात्रभर टिकली पाहिजे. दुकानात डबी नेली, त्यांनी 40 रुपयांत नवा मॉस्फेट बसवून दिला आणि आतल्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टीही स्क्रूनं कसून दिली. ती डबी आता तिघींत सगळ्यात थंड चालते.

अ‍ॅडॉप्टरबद्दल दोन शब्द, कारण तो वाईट असला तर डिमरला दोष जातो. मी एक ऑनलाइन मागवला होता, वर 5 अँपिअर लिहिलेला. 3 अँपिअर ओढले तर मीटरवर 10 च्या खाली आला. परत केला. दुकानातला 350 चा घेतला, तो पूर्ण भारावरही 11.8 धरून आहे. आणि पाच मीटरची पट्टी एकाच टोकानं जोडली तर दुसरं टोक फिकं पडतं. मला वाटलेलं, मंद केल्यावर हा फरक मिटेल. मिटत नाही. प्रत्येक वेळी चालू होताना पट्टीतून पूर्णच करंट जातो, त्यामुळे वाटेत जेवढं गळायचं तेवढं गळतंच. पट्टीला दोन्ही टोकांनी वायर दिली आणि कमान एकसारखी झाली.

राहिला रंग. बल्ब मंद केला की तो लालसर होत जातो, समईच्या जवळ जातो. एलईडी कितीही मंद करा, त्याचा रंग आहे तोच राहतो. वॉर्म व्हाइट म्हटला तरी तो ज्योतीपेक्षा पांढराच. याला डिमर काही करू शकत नाही, आणि त्याबद्दल मी त्याचे गुणही कापणार नाही. आकाशकंदिलात मी दोन पांढऱ्या लड्यांमागे एक पिवळी लडी घालते. मखराच्या पट्टीवर मलमलचा एकेरी पदर ताणते, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला. सांगलीची हळद, 2018 मध्ये जिला भौगोलिक मानांकन मिळालं तीच, घरात असतेच. पाणी कोमट, अर्ध्या बादलीला दोन चमचे, आणि पिळायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं, नाहीतर सुरकुत्यांच्या रेघा पडतात. उन्हात वाळवू नका, हळदीचा रंग उन्हात उडतो. दरवर्षी नवा पदर रंगवायचा. तो पदर, लाल ठिपका आणि शेजारी खरी समई, हे तिन्ही एकत्र आलं त्या संध्याकाळी सासूबाई आवर्तनं संपली तरी उठल्या नाहीत. बसूनच राहिल्या. मूर्तीच्या सोंडेवरची शेंदराची रेघ दिसतेय म्हणाल्या. त्यांना ती किती वर्षांनी दिसली असेल, मी विचारलं नाही.

भाचा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकतो. त्यानं मागच्या वर्षी दुसरा मार्ग दाखवला, तोही प्रामाणिकपणे सांगायला हवा. ज्यातला प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो अशी 5 व्होल्टची पट्टी, त्याला ईएसपी 32 नावाची वायफायची छोटी सर्किट पाटी आणि त्यावर डब्ल्यूएलईडी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. मोबाइलवरून रंग बदलतात, उजेड कमी-जास्त होतो, वेळ लावून ठेवता येते, सूर्यास्ताला आपोआप पेटतं. डोळ्याच्या फसवणुकीचा हिशेबही त्यात आहे, त्यामुळे सरकपट्टी अर्ध्यावर आणली की उजेड खरंच अर्धा वाटतो. दारातल्या तोरणाला आम्ही तेच ठेवलंय आणि मला ते आवडतं. पण देवघरात नाही. एक तर त्या पट्टीत उजेडाच्या 255 पायऱ्या असतात, आणि अगदी खाली, जिथे मला समई हवी असते तिथे, पहिली पायरी ते दुसरी म्हणजे थेट दुप्पट. हळूहळू मंद करताना झटके दिसतात. माझ्या 555 च्या नॉबला पायऱ्याच नाहीत, केसभर फिरवा, केसभर बदलतो. दुसरं म्हणजे ते मोबाइलवर चालतं. 82 वर्षांच्या बाईंनी सणाच्या संध्याकाळी मोबाइल शोधत बसायचं, हे मला पटत नाही. नॉब त्यांच्या पाटाच्या उजव्या हाताला, भिंतीवर कमरेच्या उंचीवर नव्हे तर बसल्यावर हात पोचेल तिथे लावलाय. बोटाला ठिपका लागतो, कारण नेलपॉलिशचे मी तीन थर दिलेत.

बारा-चोवीस बटणांच्या छोट्या रिमोटचे डिमरही मिळतात. एक वापरला. मंद करायला सात-आठ टप्पेच, आणि सगळ्यात खालचा टप्पाही माझ्या केशरी ठिपक्याएवढा. लग्नाच्या मांडवाला ठीक आहे.

माझ्याकडून या डबीला पाचपैकी चार. एक गुण कपॅसिटरसाठी कापला. ज्यांना व्हिडिओ काढायचा नाही आणि सोल्डरिंगला हात लावायचा नाही, त्यांना ती आहे तशीही पुरेल.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी: दुकानात नुसतं डिमर म्हटलं तर पंख्याचा दाखवतात. 12 व्होल्टचा, गोल नॉबचा, पीडब्ल्यूएम (म्हणजे वर सांगितलं तसं जलद चालू-बंद करणारा) डिमर असं सांगा, सोबत 103 नंबरचा कपॅसिटर, 3 अँपिअरचा फ्यूज आणि त्याचं घर मागून घ्या. पट्टीचा एक तुकडा पिशवीत टाकून न्या आणि तिथेच लावून बघा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात तिथे उभं राहायला जागा नसते, श्रावणातच जा.